कव्हरवरच्या बाईची सव्वा मूठ

मी, झुंबरबाई निंबा पाटील, राहणार एरंडोल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. इथवर वकिलांनी सांगितलं, पुढचं मी माझ्या हाताने लिहिते. शाळा थोडीच झाली, वेलांटी चुकली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावी.

१. घर व मागचा गोठा मुलगा प्रेमराज याला. पाटा-वरवंटा सून दिपमालाला. ती मिक्सरवाली आहे, तरी तिलाच.

२. सोन्याच्या पाटल्या नात वृषालीला. नणंदेचा त्यांवर फार दिवस डोळा होता. तिला माझा रामराम.

३. आता मुख्य गोष्ट. आमचे हे वरणगावच्या फॅक्टरीत होते. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना यांना इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड दिली. चार झिपरे गडी ढोल बडवतात नि ओरडतात. यांना भारी आवडे. मला आवडलं कव्हर, ते मी भिंतीवर लावलं. काळं आभाळ, उघडं वावर, वावरात नुसती दाराची चौकट, घर नाहीच. चौकटीत पाठमोरी बाई, शेजारी रिकामी खुर्ची.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, कानबाईच्या सणाला, मी देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घेत होते. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ. भिंतीवर ती बिचारी एकटी दिसली, म्हणून तिच्याही नावाने टाकली. सासूबाई कडाडल्या, "रोट भाऊबंदकीना बाहेर जात नही वं माय! आते ती आपली शे. जलमभर सांभाळ!"

सांभाळली. दरसाल तिची मूठ, आणि दरसाल ती जराशी वळली. आधी कान दिसला, मग गाल. हे गेले त्या श्रावणात खुर्चीत टोपीवाला माणूस बसला.

प्रेमराज म्हणाला, "आई, कागदाला ओल आली."

म्हटलं, "ओल कधी यांच्यासारखी तिरपी टोपी घालते का रे, बाबा?"

मागच्या साली दिपमालाने तिची मूठ गाळली. बाईचं एक पाऊल चौकटीच्या अलीकडे आलं. यंदा मूठ मीच टाकली, तर पुरता चेहरा दिसला. माझाच, लग्नातला, नथीसकट! इतका आनंद झाला की गल्लीत साखर वाटली.

४. पुण्याचा एक शौकीन कव्हर मागतो आहे. प्रेमराजने विकू नये. परक्याच्या भिंतीवर आम्ही दोघं उपाशी राहू. वृषाली लाडकी, पण उद्या लग्न होऊन दुसऱ्या भावकीत जाईल, मग तिचा रोट आम्हाला चालायचा नाही. म्हणून कव्हर दिपमालाला. दिपमाला, तुझं-माझं कधी पटलं नाही, पण मूठ तुझ्याच हातात आहे. विसरलीस तर आम्ही मागायला येऊ. दार लावून उपयोग नाही, चौकट आमच्याजवळ आहे.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.
सही व डाव्या अंगठ्याचा ठसा: झुंबरबाई निंबा पाटील

साक्षीदार: १. तोताराम सुकदेव महाजन २. रतिलाल झुलाल पाटील

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली व अंगठा दिला. कव्हर समोर टेबलावर होतं. त्यावरच्या बाईच्या डाव्या अंगठ्याला आता निळी शाई आहे. आम्ही आलो तेव्हा नव्हती.

एरंडोल, २१ ऑगस्ट २०२४