रेत्नोच्या लग्नात गाणार कोण

सोलो, १२ ऑगस्ट १९९३

प्रिय म्बाक हार्तिनी,

आईचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. आमच्या मास गुनादींची शाळेतली बदली टळली, मुलगा जवळच राहिला म्हणून सासूबाई खूश आहेत.

तुझ्या रेत्नोच्या लग्नात मावशीनेच गावं म्हणून तू दर पत्रात लिहितेस आणि मी दर वेळी सर्दी झालीय म्हणते. एवढी लांबलेली सर्दी कुणाला झालेली बघितलीस का?

पाळीत मी कशी लोळायचे ते तुला माहीत आहे. गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढतं म्हणे. डॉक्टरांनी डॅनाझोलच्या गोळ्या दिल्या. वजन वाढेल, पुटकुळ्या येतील, म्हणाले. "काम काय करता?" असंही विचारलं त्यांनी. मी तोंड उघडायच्या आत मास गुनादी म्हणाले, "घरीच असते."

म्बाक, दुखणं खरंच थांबलं. पाळीच थांबली. हनुवटीवर राठ केस आले, ते मी चिमट्याने उपटायचे. तेही चाललं असतं.

मग आमच्या गामेलान वाद्यवृंदाच्या एका तालमीत वरचा सूर लागेना. संचाचे प्रमुख पाक दार्सोनो म्हणाले, "निंग, आज पुरुषांच्या रांगेत बस बाई." सगळे हसले. मीही हसले, तर हसणंसुद्धा जाडं आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. गामेलानची कांस्याची वाद्यं कुणासाठी सूर उतरवत नाहीत, हे त्यांनी मला काय सांगायचं?

"गाता? अहो, मग आधी सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. गोळ्या तिथल्या तिथे बंद. आवाज परत येईलच असं नाही, म्हणाले. सायकलरिक्षात मास गुनादी पुटपुटले, "मला वाटलं, घरीच असते म्हटलं की बरं दिसतं." त्याबद्दल मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही.

गोळ्या थांबल्या. आवाज आला नाही, दुखणं मात्र आलं.

आता दर महिन्याला इंजेक्शन. अंगातून वाफा निघतील, हाडं विरळ होऊ शकतात. या वेळी एकेक गोष्ट मीच खोदून खोदून विचारली. घेणार आहे. फरशीवर लोळत दिवस काढता येत नाहीत, म्बाक.

रविवारी तुझा फोन आला. मी उचलला, "हॅलो" म्हटलं, आणि तू म्हणालीस, "गुनादी, निंगला दे जरा." लाइन तुटली नव्हती. मीच ठेवला. तो गुनादी नव्हता.

लग्नाला येईन. गायला आमच्या संचातल्या सुकेसीला बोलव. वर चढताना जरा चिरकते, पण चढते तरी. आईला तू आधीच सांगून ठेव. मी बोलायला लागले की तिने दचकून माझ्याकडे बघू नये, एवढंच.

कागदावर तरी अजून पहिल्यासारखीच,
तुझी निंग