पंखा वाजतोय तोवर

बाबा, तुमचा कॉम्प्युटर या उन्हाळ्यात आपोआप बंद पडायला लागला. आईने फोनवर लक्षण सांगितलं ते असं: "नाटक लावलं की तिसऱ्या अंकात मरतो." मी विचारलं, प्रत्येक वेळी? "बिल्कुल प्रत्येक वेळी. परवा तर खून कोणी केला तेच कळायचं राहिलं." गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती दुपारभर मागच्या खोलीत बसून जुनी नाटकं बघते, मोबाइल तिला लहान पडतो. मी नवा लॅपटॉप आणते म्हटलं, तर म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुला दुरुस्त करता येणार नाही?" मला डिवचायचं कसं हे तिला अजून नीट माहीत आहे. शनिवारी सकाळी मी गुडगावहून मेट्रोने मयूर विहारला आले. पिशवीत तुम्ही दिलेला स्क्रूड्रायव्हर, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या थर्मल पेस्टची ट्यूब आणि धूळ काढायला रंगाचा ब्रश होता.

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावला. त्याची काही गरज नव्हती. अंगात स्वेटर नव्हता आणि या फ्लॅटमधले पाइप प्लास्टिकचे आहेत. त्या नळाला हात लावून अंगात साठलेली स्थिर वीज कुठेही जात नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाइप लोखंडी होते. जानेवारीतली रविवारची दुपार आहे, आपण दोघंही आईने विणलेल्या स्वेटरमध्ये आहोत, आणि मी मेमरीच्या पट्टीला हात लावणार तोच तुम्ही म्हणता, "आधी नळ." मी उठते, नळाला हात लावते, बारीकसा चटका बसतो, मी परत येते. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "यांचं काय, पूजा चाललीय का आत? सारखं आपलं हात धुऊन जातात." त्याच दुपारी तुम्ही मला रागावला होतात. कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, तुम्ही फोनवर होतात, आणि मी पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवली आणि सेटिंगही बदललं. तो सुरू झाला. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही फोन ठेवून आलात, पडद्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कशामुळे?" मला सांगता येईना. तुम्ही दोन्ही बदल परत उलटे केलेत, मशीन पुन्हा बंद पाडलंत, आणि म्हणालात, "एका वेळी एकच. नाहीतर सुरू झाला काय आणि न झाला काय, तुला काही कळलेलं नाही." मी रडले नाही, पण संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोललेही नाही. आज ऑफिसात हेच वाक्य मी ज्युनियर मुलांना ऐकवते, आणि तीही माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत.

तर एका वेळी एकच. आधी धूळ काढली. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर दिल्लीची ती पिवळट, मऊ धूळ ब्लँकेटसारखी बसली होती. साफ केली, झाकण लावलं, आईला म्हटलं, नाटक लाव. तिसऱ्या अंकात बंद. मग पेस्ट बदलली. तुम्ही लावलेली वाळून खडूसारखी झाली होती. दुसरं नाटक, पुन्हा बंद. "मी म्हटलं होतं ना," आई म्हणाली, जणू तिने काही तांत्रिक निदान केलं होतं. मशीनच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींत, कारण स्वच्छ होतं: प्रोसेसर फार तापल्यामुळे मशीनने स्वतःला बंद केलं. पण साफ पंखा आणि ताजी पेस्ट असताना तो तापतोच का? मी दर वेळी तापमान बघायला पुढे होऊन माऊस हलवायचे, की पंखा भरारा वाजायला लागायचा आणि तापमान उतरायचं. तपासायला हात लावला की दोष गायब. शेवटी मी हात मांडीखाली घेऊन बसले आणि नुसती ऐकत राहिले. नाटक चालू होतं, मशीन तापत होतं, आणि पंखा वाढायचा सोडून हळूहळू मंदावत होता.

मशीन सुरू होताना चालणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासल्या तेव्हा तुमची छोटी स्क्रिप्ट, आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल, सापडली. तुमची हे लगेच ओळखता आलं आणि नाहीही. तुम्ही लिनक्समधली कुठलीही ओळ बदललीत की तिच्यावर मराठीत टीप लिहायचात, काय बदललं आणि कशासाठी. "सहा महिन्यांनी आपणच परके असतो," म्हणायचात. या फाइलीत एकही टीप नव्हती. आतला हिशेब मात्र सरळ होता: कीबोर्डला किंवा माऊसला कोणी हात लावत असेल तर पंखा पूर्ण वेगाने, थोडा वेळ कोणी हात लावला नाही, तर पंखा मंद. तापमानाचा कुठे उल्लेखच नाही. नाटक बघताना कोणी कीबोर्डला हात लावत नाही, म्हणून पंखा झोपायचा आणि वर मे महिना. मला तुमचा चक्क राग आला. पंखा उष्णतेवर चालवायचा असतो, माणसाच्या बोटांवर नाही. हे तर तुम्हीच मला शिकवलं असतं. मी स्क्रिप्ट बंद केली, पंखा मदरबोर्डच्या, म्हणजे उष्णता बघणाऱ्या मूळ यंत्रणेच्या, स्वाधीन केला. नाटक शेवटपर्यंत चाललं, आईला खुनी कळला ("मला पहिल्यापासून संशय होताच"), आणि ती भाजी चिरायला स्वयंपाकघरात गेली. मी उरलेलं आवरत टाइप करत बसले. मशीन आता इतकं शांत होतं की कळांचा आवाज ऐकू येत होता.

थोड्या वेळाने दार ढकललं गेलं. आई दारात उभी, हातात सुरी, दुसरा हात ओला. तिचा चेहरा मी ओळखला नाही.

"काय झालं गं? पंख्याचा आवाज का बसला?"

"काही नाही झालं. दुरुस्त झालं."

"तू टाइप करत होतीस?"

"हो. का?"

ती पलंगाच्या कडेवर टेकली. सुरी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तो आवाज तुझ्या बाबांनी मला लावून दिला होता."

बाबा, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या हृदयाच्या पहिल्या झटक्यानंतर मी पुण्याला होस्टेलवर परत गेले, आणि आई तुमच्या मागे लागली. तुम्ही कामासाठी दार लोटून या खोलीत बसायचात, आणि ती दर थोड्या वेळाने दार उघडून विचारायची, ठीक ना? "चिडायचे माझ्यावर," ती सांगत होती. "म्हणायचे, तू मला असं तपासतेस जसं दूध उतू जातंय का बघतात. मी म्हटलं, मग काय करू? स्वयंपाकघरातून मला काय दिसतं? दोन दिवस बोललो नाही आम्ही. मग एका दुपारी आले आणि म्हणाले, हे ऐक. आत जाऊन टाइप करायला लागले. म्हणाले, हा पंखा वाजतोय तोवर मी ठीक आहे. सारखी उठू नकोस. मी म्हटलं, आणि थांबला तर? म्हणाले, थांबला तर ये."

"आणि ते नुसते वाचत बसले असतील तर?"

"मग मी पिठाच्या हातांनी धावत यायचे, आणि हे घाईघाईने माऊस हलवायचे. चोरासारखे." ती हसली. "यार, किती भांडलो त्याच्यावरून! मग खुर्चीवरून उठले की ओरडून सांगायचे, उठलो गं."

पुढचं तिने सांगितलं नाही, मला विचारावं लागलं. दुसऱ्या झटक्याच्या दिवशी आवाज बसला. तिने दोन हाका मारल्या. "उठलो" ऐकू आलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ती त्या वेळी योगायोगाने आत आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून तुम्हाला वेळेत हॉस्पिटलात नेता आलं, आणि म्हणून मी पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही बोलत होतात. जेमतेम आठवडा मिळाला. तुम्ही मला माझ्या प्रोजेक्टबद्दल विचारलंत, मी सांगता सांगता तुम्ही झोपलात, जागे झालात आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढचं विचारलंत. मशीन नीट बंद केलंय ना, तेही विचारलंत. तुम्ही माझा हात धरला नाहीत, मीही धरला नाही. आपण तसे नव्हतो. पण पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपले हात अगदी शेजारी शेजारी होते, आणि ते मला अजून आठवतं. तो आठवडा मला एका चुकीच्या स्क्रिप्टने दिला, जी मी आज दुपारी बंद करून टाकली होती.

आई म्हणाली, "राहू दे आता. नाटक पूर्ण होतंय, छानच आहे. मला काय, सवय होती." आणि सुरी घेऊन परत गेली. सवय कोणाची, हे मी विचारलं नाही. आठवड्यातून एकदा मी येते, याच खुर्चीत बसून याच मशीनवर माझं ऑफिसचं काम करते, आणि स्वयंपाकघरातून तिची हाक येते, "चहा टाकू का गं?" ही हाक तिला नेमकी केव्हा सुचते, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी स्क्रिप्ट परत चालू केली. फक्त एक गोष्ट वाढवली: मशीन तापलं तर पंखा वाढेल, कोणी हात लावो न लावो, आणि कोणी टाइप करत असेल तर तुमच्यासारखाच पूर्ण वाजेल. दोन्हीपैकी जे जास्त असेल ते. वर टीप लिहिली, कारण ती तुमच्याकडून राहिली होती: स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून. मग पुन्हा सुरू करून बघितलं. पंखा वाजायला लागला. स्वयंपाकघरातला चिरण्याचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला, जरा संथ.

बाबा, हे लिहिलेलं कुठे जतन करायचं मी ठरवलेलं नाही. बहुधा करणारही नाही. काम केव्हाच संपलं आहे. सांगण्यासारखं होतं तेही संपलं. आई अजून स्वयंपाकघरात आहे, कुकरची शिट्टी व्हायची आहे, आणि पंख्याचा आवाज बसू नये म्हणून मी लिहीत राहिले आहे.