मिसिसागातला कोहेन

३ ऑगस्ट, रविवार
बिरड्याचा रोजा सुटला. दिवसभर पाणीही नाही, डोकं ठणकतंय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

यरुशलेमचं देऊळ पडलं त्याचा शोक करायला आम्ही नेहमीची मंडळी बें.भा.च्या बिल्डिंगमधल्या पार्टी रूमला जमलो होतो. (बेंजामिनभाऊ. दरवेळी पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.) जमिनीवर बसून विलाप वाचला. घरी जाऊन वालाच्या बिरड्यावर तुटून पडायच्या बेतात होतो, तेवढ्यात बें.भा. उभे राहिले. "देवळाच्या दुःखाच्या दिवशीच एक आनंदाची बातमी देतो. मी कोहेन निघालो."

निघालो! लॉटरी निघावी तसे. कुठल्याशा कंपनीला थुंकी पाठवली होती म्हणे, त्यांनी कळवलं की यांचं रक्त त्या देवळातल्या याजकांशी, म्हणजे कोहेनांशी, जुळतं. शिवाय आजोबांची एक गोष्ट. आजोबांना गावात बकऱ्याचा पहिला वाटा, म्हणजे याजकाचा मान, मिळायचा. आजोबा गावचे सावकार होते हे मात्र सांगितलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोज्याच्या दिवशी! मी नाही वाजवल्या. आम्हा बेने इस्राएलांत, कोकणातल्या ज्यूंत, कोहेन नाहीत, हे जन्मापासून ऐकत आले. ठाण्याला कुणाच्या पहिल्या मुलाचा विधी असला की कोहेन उसना आणावा लागे, बगदादी नाहीतर कोचीनवाल्यांतून. देऊळ पडून दोन हजार वर्षं झाली आणि याजक आज सापडला, टोरोंटोजवळच्या मिसिसागात.

५ ऑगस्ट, मंगळवार
माणूस आधीच मुकादम. म्हणजे आमच्या मूठभर मंडळींचा राजाच. प्रार्थना कधी, कुठे, तोरेची पोथी कुणी वाचायची, मलिद्याला नारळ कुणी खवायचे, सगळं हे ठरवणार. रेल्वेत साहेब होते, ते अजून उतरलेलं नाही. आता राजेपण पुरेना म्हणून याजकपणही हवं.

रिनाला म्हटलं तर, "आई, लेट हिम हॅव इट. तुला काय प्रॉब्लेम आहे?" माझ्या मुलीला कुणाचाच कधी काही प्रॉब्लेम नसतो. म्हणून तर पहिल्या लग्नात इतकी वर्षं गेली.

६ ऑगस्ट, बुधवार
भांडी घासताना एकदम लक्षात आलं आणि हातातलं पातेलं सुटलं. कोहेनला घटस्फोटित बाईशी लग्न करता येत नाही! शास्त्रातच आहे. देवळातल्या याजकाने टाकलेली, सोडलेली बायको करू नये. आणि कोहेनपण बापाकडून मुलाकडे जातं. म्हणजे बें.भा.च्या अवीकडे.

अवी आणि रि. गेल्या हिवाळ्यापासून भेटतायत. तो किचनरहून दर आठवड्याला ड्राइव्ह करत येतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, चाळिशीला आला, लग्न केलं नाही, शांत मुलगा. रि. पुन्हा हसायला लागली आहे. मी मनात पाळणासुद्धा हलवून मोकळी झाले होते, खोटं कशाला बोलू.

म्हातारा गोड हसत हसत खेळला. "घटस्फोटित सून नको" असं तोंडाने म्हणायचं नाही. आपण चांगलेच राहायचं. वाईट कोण, तर मोशेचं शास्त्र.

१७ ऑगस्ट, रविवार
शब्बाथला लिहीत नाही म्हणून कालचं आज. तोरा वाचायला कोहेनचा असतो तो पहिला मान त्यांनी स्वतःलाच दिला. मग सिसिथची शाल डोक्यावरून ओढून, बोटं फाकवून आम्हा सर्वांना आशीर्वाद. त्या वेळी कोहेनकडे बघू नये म्हणतात. मी टक लावून बघितलं. पाठांतर कच्चं, मध्ये एक शब्द गाळला.

अवीनेही शेजारी उभं राहायला हवं होतं. तो नेमका वॉशरूमला गेला. बिचारा. बापाची लाज वाटत असेल.

२४ ऑगस्ट, रविवार
न राहवून फोन केला.
"भाऊ, तुमच्या ह्या नव्या कोहेनपणात मुलांचं कसं?"
"कुठल्या मुलांचं?"
"अवीचं."
"अवीचं काय? तोही कोहेन. त्याला सांगितलं मी, पाठ कर सगळं."
वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. आयुष्यभर शाळेत शिकवलं मी, बहाणे करणारी पोरं आवाजावरून ओळखते. मात्र हा आवाज ओळखू आला नाही. म्हणून जास्तच संशय.

रि.ला अजून काही बोलले नाही. तिला शास्त्राचं हे कलम ठाऊक नसावं. इथे कोण वाचतंय.

३१ ऑगस्ट, रविवार
मलिदा ठरला. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, ताट मांडायचं, पोहे, गूळ, खोबरं, फळं. आणि कीर्तन माझं. बें.भा. म्हणाले, "फ्लोराबाई, दावीदराजाचं घ्या, मंगल आहे." मी बरं म्हटलं.

घेणार आहे उज्जिया राजाचं. त्याने शत्रू हरवले, बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, आणि मग डोक्यात हवा गेली. धुपाटणं उचलून थेट देवळात शिरला. याजक म्हणाले, राजा, हे तुझं काम नाही, बाहेर हो. तो चिडला, आणि चिडला तसं कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला.

पेटी काढून ठेवली. भाता जरा फाटलाय, त्याला टेप लावली.

१४ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
झालं.

रंगलं, हे माझं मीच लिहिते. बायका मागून धृपद उचलत होत्या. "धूप न तुझा रे राजा" ही ओळ आली तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप पहिल्या रांगेकडे वळल्या. बें.भा. ताठ बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. लाल झाले.

ताटाचे आशीर्वाद झाल्यावर पोह्याचा द्रोण हातात घेऊन आले. शांतपणे म्हणाले, "बाई, दावीदाने याजकाचं वस्त्र घालून कराराच्या कोशापुढे नाच केला. शलमोनाने देऊळ बांधलं आणि लोकांना स्वतः उभं राहून आशीर्वाद दिला. त्यांच्या कपाळावर नाही काही उठलं." आणि गेले.

खरंच आहे ते. पहिले राजे स्वतः बळी द्यायचे, आशीर्वाद द्यायचे. राजाला देवळाच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं कधी ठरलं, कुणी ठरवलं? याजकांनीच, असं माझं संशयी डोकं म्हणतं. मग मी आज कुणाची बाजू घेतली?

गाडी रि. चालवत होती. घराजवळ आल्यावर, "यू ह्युमिलिएटेड हिम. अवीच्या समोर. का?" आता सांगावंच लागलं. कोहेन, घटस्फोट, सगळं. तिने इंडिकेटर दिला, गाडी पार्क केली, आणि म्हणाली, "आय नो, आई. अवीने सांगितलं जुलैत."

जुलैत. म्हणजे पार्टी रूममधल्या घोषणेच्याही आधी. मग मला का नाही सांगितलं? आणि ती इतकी शांत कशी?

२५ सप्टेंबर, गुरुवार
नव्याचा सण, आमचं नवं वर्ष, पार पडला. अवी आला नाही. ऑन-कॉल आहे म्हणे. रि.ने सफरचंद कापलं, मध काढला, आम्ही दोघींनीच खाल्लं. तिने त्याची खुर्ची मांडून ठेवली होती, ती मीच हळूच सरकवली.

बापाने अडवलं असणार. दुसरं कोण?

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दरफाळणीचा, वर्षभराच्या पापांच्या क्षमेचा, उपास झाला, आज शिळा सण. आज एकमेकांकडे जायचं, हातबोशी करायची, जुनं सोडायचं. दुपारी बेल वाजली. बें.भा., एकटे, हातात करंज्यांचा डबा.

दारातच हात पुढे केले. मी हातांना हात लावून बोटं ओठांना लावली. रीत आहे, चुकवता येत नाही. चहा ठेवला. मग म्हणाले,

"बाई, मला ते घटस्फोटाचं माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो. कीर्तनानंतर लोक कुजबुजले तेव्हा कळलं. मी टोरोंटोच्या रब्बींना विचारलं. ते म्हणाले, थुंकीच्या रिपोर्टवर कोणी कोहेन होत नाही, घराण्यात तशी परंपरा लागते. तुमच्यात ती नाही. विषय संपला."

"मग जाहीर करा."

ते चहात साखर नसताना चमचा ढवळत राहिले. म्हणाले, "मी तेच म्हटलं अवीला. तर तो म्हणतो, नको पप्पा. आत्ता नको. राहू दे असंच."

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, मान खाली घालून. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल का म्हणतो ते."

डबा ठेवून गेले. करंज्यांना हात लावावासा वाटेना.

५ ऑक्टोबर, रविवार
दोनच शक्यता. एक, म्हातारा सगळं मुलावर ढकलून आपले हात धुतोय. दुसरी शक्यता लिहवत नाही.

पहिलीवर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न केला. पण दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, हातबोशी करून, माणूस माझ्या घरात बसून खोटं बोलेल? बोलेलही. रेल्वेत साहेब होता. आणि तरी त्या खाली गेलेल्या मानेवर माझा विश्वास बसतोय, त्याचाच राग येतोय.

याजकाला देवळाच्या भिंतीमागे राहता येतं, त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. अवीला ती भिंत सापडली आहे का?

१२ ऑक्टोबर, रविवार
लाँग वीकएंड. अवी जेवायला आला. मंडपाचा सण चालू आहे, पण बाल्कनीत मंडप घालायला बिल्डिंग परवानगी देत नाही, म्हणून घरातच. नारळाच्या दुधातलं चिकन केलं, त्याला आवडतं.

नेहमीसारखा वागला. भांडी उचलली, विंटर टायर्स कधी लावायचे ते रि.ला समजावलं. वाईट मुलगा नाही हो. तेच तर वाईट आहे.

पानावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बरं झालं, रब्बींनी सांगितलं तुम्ही कोहेन नाही म्हणून. आता तारीख धरायला हरकत नाही ना?"

तो दचकला नाही. पाण्याचा घोट घेतला. "आंटी, लेट्स नॉट रश. पप्पांसाठी ते खूप इम्पॉर्टंट आहे. त्यांचं मन मोडायला नको."

ज्या बापाने सगळं सोडायची तयारी दाखवली, त्याच्या मनाचा हवाला! मी तोंड उघडणार, इतक्यात रि.ने माझ्याकडे बघितलं. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी बघायची तसं. मी भात वाढला.

तो गेल्यावर तिने डिशवॉशर लावला, माझ्याकडे पाठ करून बोलली. मराठीत, सगळं मराठीत. एरवी दोन वाक्यांत तीन इंग्रजी शब्द असतात तिचे.

"आई, त्याला विचारू नकोस. मला माहितीये. त्याला लग्न नकोय, आणि मला सोडायचंही नाहीये. कोहेनचं कारण आहे तोवर त्याला ठरवावं लागत नाही. तोवर तो येतो. कारण गेलं की त्याला हो म्हणावं लागेल, नाहीतर जावं लागेल. तो जाईल."

"मग जाऊ दे."

"तू म्हणू शकतेस. तुला बाबा होते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. फार वेळ नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
तोरेच्या सणाला बें.भा.नी पहिला मान घेतला नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता, मागून ऐकू येत होता.

आज फोन. "बाई, मला आता हे सोसत नाही. लोक कोहेन म्हणून हात जोडतात आणि मला चोरी केल्यासारखं होतं. शनिवारी उभा राहून सांगून टाकतो. पण तुमच्या मुलीचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल तसं. उद्या शब्बाथचे दिवे लावायच्या आत कळवा."

मी त्यांना देवळातून बाहेर काढायला निघाले होते. आता ते स्वतः उंबऱ्यावर उभे राहून मला विचारतायत, जाऊ का? मला हसूही येईना.

रि.ला सांगितलं नाही. पुन्हा तिच्यापासून लपवलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळपासून नुसत्या येरझारा. जाहीर करा म्हटलं तर या घरातून तो माणूस जातो, आणि माझी मुलगी पुन्हा त्या गप्प दिवसांत जाते. मी बघितले आहेत ते दिवस. गप्प राहा म्हटलं तर एक म्हातारा दर शनिवारी खोटा आशीर्वाद देत राहतो, आणि माझी मुलगी एका आडोशाला उभ्या असलेल्या माणसाची वाट बघत म्हातारी होते. आणि त्या आडोशाला माझा टेकू.

तिच्यावर सोपवावं? ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारत नाही. हे बरोबर आहे का, तेही कळत नाही.

किचनरहून निघालोय, असा अवीचा मेसेज आलाय. रि. तीन पानं मांडतेय, हिरवी साडी नेसली आहे. कुणासाठी, ते विचारायची गरज नाही.

ऊन उतरलं. दिवे लावायला फार वेळ नाही, आणि लावले की फोन उचलायचा नाही, लिहायचंही नाही.

वाजतोय. बें.भा.च. रि. आतून ओरडतेय, "आई, फोन! घेतेस का मी घेऊ?"