अनाक्लेतोचा ऑइल कूलर

तीर्थरूप देल्फिनोमामांच्या सेवेशी,

नीवाल्दोचा नमस्कार. मी, तुमची भाचेसून इवोनेते आणि तुम्ही दिलेल्या कोंबड्या सुखरूप आहोत. (पांढरी कोंबडी अंडी देत नाही, पण तिचा स्वभावच तसा.) तुमची तब्येत कशी आहे? छातीतली धडधड, गुडघे, झोप, सगळं सविस्तर कळवावं.

पत्रास कारण आपली कोंबी व्हॅन. चर्चच्या चढावर, मका वाटून पानात उकडलेल्या ऐंशी पामोन्या भरलेल्या असताना तिच्या इंजिनाने मान टाकली. दुसरं इंजिन गावात एकच शिल्लक होतं, अनाक्लेतोच्या व्हॅनचं. तोच तो, कोण गेलं ते गावभर भोंग्यावरून सांगणारा. तीस वर्षं त्याने सगळ्यांच्या मरणाची वर्दी दिली, आणि जानेवारीत स्वतः गेला तेव्हा वर्दी द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून निम्मं गाव मयतीला पोचलंच नाही. इंजिनाबरोबर त्याच्या विधवेने तेल थंड ठेवणारा ऑइल कूलरही फुकट दिला. गॅरेजवाली झुल्मिरा म्हणाली, “इंजिन घे हवं तर, पण तो कूलर फेकून दे. धुऊन धुऊन किती धुशील? जुना गाळ त्याच्या पोटात राहतोच, बाबा!” पण फुकट मिळालेली वस्तू फेकायची आपल्या घराण्यात रीत नाही, हे तुम्ही जाणताच. पेट्रोलने तीनदा धुतला आणि दोन दिवस गाडीखाली उताणा पडून बसवला. एक नळी उलटी लागली आणि गरम तेल सदऱ्यात शिरून थेट बेंबीपर्यंत पोचलं, तो भाग सोडून देतो.

गाडी सुरू झाली, पण आवाज अनाक्लेतोच्या गाडीचा. मी भोंग्यावरून “गरम गरम पामोन्या!” ओरडतो आणि बायका ताटली आणायची सोडून काळी शाल घेऊन दारात येतात. तेही चाललं असतं. पण तेल तापून गाडी मध्येच बंद पडू लागली. आठवतं ना, अनाक्लेतो मेलेल्याच्या दारासमोर इंजिन बंद करून मिनिटभर गप्प उभा राहायचा, मग नाव सांगायचा? तशीच ही थांबते. मिनिटभराने किल्ली फिरवली की मुकाट्याने सुरू होते. आधी थांबली म्हाताऱ्या जांदिराच्या दारी. ती दुसऱ्या दिवशी गेली. (वय त्र्याण्णव, मी मनावर घेतलं नाही.) मग ओलिंपियो औषधवाल्याच्या दारी. धडधाकट माणूस, त्याने दोन पामोन्या घेतल्या आणि मीठ कमी म्हणून मला झापलंही. शनिवारी त्याला पुरलं. तिसऱ्या वेळी नुसता एक पोपट मेला, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. आता माझा आवाज आला की लोक खिडकीतून हात हलवतात, “पुढे जा रे, पुढे जा!” विक्री बंद आहे. घरी पामोन्या खाऊन इवोनेते माझ्याशी बोलेनाशी झाली आहे.

तरी तुमच्या पडवीत तो जुना कूलर पडला आहे, तेवढा बसवाल्याबरोबर पाठवावा. दुसरं काही मागणं नाही.

तुमचा भाचा,
नीवाल्दो

ता. क. : गुरुवारी मका घ्यायला तुमच्या गावी आलो होतो. न भेटता परतलो म्हणून रागावू नका. तुम्ही पडवीत टांगलेल्या झोळीत झोपला होतात, तोंडावर टोपी होती. गाडी तुमच्या फाटकासमोर बंद पडली. मी उडी मारून खाली उतरलो आणि ती ढकलत शेजारच्या तेओदोरिकोच्या फाटकापर्यंत नेली. (कुंपणावरून तुमचं त्याच्याशी भांडण आहेच.) पण मिनिट नेमकं कुणाच्या दारात पुरं झालं, ते मला सांगता येत नाही. आई गेल्यापासून मला तुम्ही वाढवलंत, मामा. मला फार भीती वाटते आहे.

ता. क. दुसरा : कूलर राहू द्या. वर तब्येत विचारली आहे ती रीत म्हणून नाही. उलट टपाली उत्तर पाठवा, आणि कृपा करून ते स्वतःच्या हाताने लिहा.