तीस हजार एकतीस

५ जानेवारी २०२५, रविवार

लखनचा फोन! शहाण्णव सालची माझी आठवी पुढच्या रविवारी पर्वत पाटिया भागात जमतेय. "सर, तोच तास परत घ्यायचा — ३००३१ चा!" पोरांच्या अजून लक्षात आहे. अंगावर मूठभर मांस चढलं.

काय तास असायचा तो! पत्र्याची शाळा, शेजारी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, ओरडूनच शिकवावं लागे. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा — सगळ्यांचा गुणाकार ३००३०. त्यात एक मिळवा. आता यातल्या कशानेही भागा, बाकी एक! "ही मूळ संख्या. हिला कोणी फोडू शकत नाही!" म्हणत मी टेबलावर डस्टर आपटायचो. खडूचा धुरळा आणि पोरांच्या टाळ्या. ते दिवस गेले.

७ जानेवारी

रुक्मिणी म्हणाली, "निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आता कसली तयारी?" तरी बसलो. गंमत म्हणून तेराच्या पुढे भागत गेलो. सतरा — नाही. एकोणीस — नाही. असं करत एकोणसाठ — बाकी शून्य!! परत केलं. शून्यच. ५९ गुणिले ५०९. म्हणजे चक्क संयुक्त संख्या!

मूळ म्हणायची तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे १७३ पर्यंत भागून बघायला हवं, हे मीच शिकवायचो. पण याच रीतीच्या आधीच्या ७, ३१, २११, २३११ सगळ्या मूळ निघाल्या, म्हणून हीही असणारच असं धरून चाललो. मास्तर कसला मी!

८ जानेवारी

जेवण गेलं नाही. सुंदरा आठवली. लूमवाल्या उखाची पोर, दुसऱ्या बाकावरची. त्या तासाला उभी राहिली — "सर, ही फुटती." मी म्हटलं, "तेराचा पाढा येतो का? बस खाली!" वर्ग हसला. मीही हसलो.

नववीत ती आलीच नाही. घरची गरिबी, दुसरं काय. अशा कितीतरी मुली गळाल्या.

१० जानेवारी

लखनला खरं सांगितलं. "सर, बॅनर तो छपाई गयुं, छापून झालंय! 'न फुटणारी बॅच'. कोण भागायला बसतंय?"

खरंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुंदरा तर येणारही नाही — नवागामला असते, घरी साड्यांना टिकल्या लावते. रुक्मिणीला विचारलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "तिला वर्गासमोर खाली बसवलंत ना? मग वर्गासमोरच सांगा."

१२ जानेवारी, रविवार

सांगितलं! भागाकार मांडला, एकोणसाठपाशी खडू मोडला. "ही फुटते. सुंदरा बरोबर होती, मी चुकलो." आणि अशा टाळ्या, की पूर्वी कधी मिळाल्या नाहीत. लखनने तर उठून बॅनरवरचा 'न' खोडला! तिला व्हिडिओही पाठवला म्हणे.

फार हलकं वाटतंय. आपली चूक कबूल करणारे मास्तर किती असतात? बासुंदी दोनदा घेतली.

१३ जानेवारी

सुंदराचा फोन. "सर, एकोणसाठ मी तवाच वहीत काढलं व्हतं. वाटलं, माझंच चुकलं असंल."

शाळा गरिबीमुळे सुटली ना, असं विचारलं. म्हणाली, "नाही सर. आबा तर शिकवायला तयार व्हते. शाळा मीच सोडली."