चाकाचं तोंड

३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

नोकरी पुन्हा बदलली. हसू नका, ही पाचवी. आता जुन्या गाड्यांच्या चाकांच्या गोदामात आहे. छतापर्यंत चाकंच चाकं, आणि मी त्यांच्या नटांची भोकं मोजतो. सातवीतून पळालेल्याला याहून सरळ काम मिळायचं नाही.

दादाचं पत्र आलं. अण्णांची गाडी दोन वर्षं विटांवर उभी आहे, ३१ तारखेला भंगारवाला नेणार, असं लिहितो. तिची दोन चाकं मीच चेपवली, न विचारता गाडी नेऊन. मग मी घर सोडलं आणि अण्णांनी मला आजवर एक ओळ लिहिली नाही. गाडी गेली तर लिहायला निमित्तही उरणार नाही. म्हणून चाकं मी पाठवतो. तशी आता बनत नाहीत, तेव्हा चारही बदलावी लागतील.

नट जुळले म्हणजे चाक जुळलं असं नाही. चाकाच्या रुंदीचा मध्य एकीकडे, आणि ज्या चकतीवर ते गाडीला टेकतं ती दुसरीकडे. या दोहोंतल्या अंतराला इथे ऑफसेट म्हणतात. ते चुकलं की चाक आत घुसतं, नाहीतर बाहेर डोकावतं. चाकावरचा आकडा गंजून गेलाय, तेव्हा मोजण्यावाचून इलाज नाही. एक धड चाक काढा, टायर उतरवून घ्या. चाक तोंडावर पालथं घाला, वर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून चकतीपर्यंत मोजा. पूर्ण रुंदीही कळवा. अण्णांना सांगू नका. ते आधी माझी उणीदुणी काढतील, मग चाकाची.

लोभ असू द्या, त्याला माप लावू नका.

आपला,
धाकटा


९ मार्च

चि. भाऊजींस,
अ. आ.

पाचवी नोकरी ऐकून तुमचे दादा म्हणाले, पायाला भिंगरी लागलेल्याला चाकांच्या गोदामात ठेवणारा मालक धन्य आहे.

पंक्चरवाल्याला बोलावून टायर उतरवून घेतला. अण्णा दुकानात घड्याळं उघडून बसले होते, त्यांना पत्ता नाही. काठी सापडेना, म्हणून पडद्याची दांडी काढली. तुम्ही लिहिलंत तसं चाक तोंडावर पालथं घातलं. पूर्ण रुंदी सोळा सेंटिमीटर. दांडीपासून चकतीपर्यंत साडेपाच. दोनदा मोजलं. हात काळे झाले ते अजून निघालेले नाहीत. शेजारीण विचारत होती, गॅरेज काढलंत का. मी हो म्हटलं.

लोभ वाढवा, नोकऱ्या वाढवू नका.

तुमची,
वहिनी


१४ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सोळाचे निम्मे आठ, तुमचे साडेपाच, म्हणजे ऑफसेट उणे अडीच. शाळेत हे उणे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही, इथे पहिल्याच दिवशी शिरलं. उणे म्हणजे कमी नव्हे, दुसऱ्या बाजूला. चकती आतल्या अंगाला असली की चाक बाहेर येतं.

मुकादम कपाळाला आठ्या घालून म्हणाला, या गाडीला उणे? परत विचारून घे. मी म्हटलं, आमच्या वहिनींचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चारही चाकं आजच रवाना केली. एकतीस तारीख थांबणार नाही, आणि थांबणं मलाही कधी जमलेलं नाही.

आहे तसा लोभ राहू द्या.

धाकटा


२१ मार्च

चि. भाऊजींस,
अ. आ.

चाकं आली, टायरवाल्याने चढवून दिली. नट जागच्या जागी बसले. मग जरा लांब उभं राहून पाहिलं, तर चारही चाकं मडगार्डच्या बाहेर, चांगली पाच सेंटिमीटर. तुमचे दादा म्हणाले, गाडी बाह्या सरसावून भांडायला निघालीय. स्टिअरिंग फिरवलं की टायर पत्र्याला घासतो.

तेवढ्यात अण्णा जेवायला आले. जुनं चाक मागवून त्यांनी विचारलं, मोजताना कसं ठेवलं होतंस. तोंडावर पालथं, म्हणत मी ठेवून दाखवलं. हे तोंड? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पातेल्याचं तोंड खोल बाजूला असतं, मग चाकाचं वेगळं का असावं? त्यांनी चाक उचलून उलटं ठेवलं. मग म्हणाले, चाकाचं तोंड रस्त्याकडे. खोल बाजू ही पाठ.

म्हणजे मी उलट्या बाजूने मोजलं. मग मोजायला कुणी सांगितलं हेही लपवता येईना. त्यांनी तुमची दोन्ही पत्रं मागून घेतली, चष्मा लावून वाचली, खिशात घातली आणि दुकानात गेले. उण्यादुण्यांची ओळही वाचली असणार. दहा दिवस उरलेत. तुमचे दादा भंगारवाल्याला नाही म्हणायला तयार नाहीत.

रागावला नसाल तर लोभ असावा, रागावला असाल तरी असावा.

वहिनी


२४ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

चूक माझी. एवढे मुलूख पालथे घातले, पण चाक पालथं म्हणजे कसं, ते धड सांगता आलं नाही. मुकादमाचंही ऐकलं नाही. आता तो चाकं बदलून देतो म्हणतो.

त्या बाजूने साडेपाच म्हणजे या बाजूने साडेदहा, ऑफसेट अधिक अडीच, असं माझं गणित सांगतं. पण माझ्या गणितावर मीसुद्धा भरवसा ठेवणार नाही. अण्णांना विचाराल का? एवढंच, की बरोबर आहे का. बाकी काही विचारू नका.

इथूनही निघावं असं मनात आलं होतं. पेटी भरली, पुन्हा रिकामी केली. उत्तर येईपर्यंत आहे.

धाकटा


१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं २४ तारखेचं पत्र सूनबाईने मला दिलं. चाक मी मोजलं. खोल बाजूने साडेदहा. अधिक अडीच. तीनदा मोजलं, चौथ्यांदा टायरवाल्याकडून मोजून घेतलं. तुझं गणित बरोबर आहे.

भंगारवाला काल आला होता. त्याला चेपलेली दोन चाकं दिली, गाडी दिली नाही. थोरला फुगून बसला आहे. उतरेल. इंजिन चालू होतं, फक्त धूर फार काढतं.

सूनबाईला बोल लावू नकोस. पातेल्याचं मला पटलं. माप मागताना तोंड कोणतं ते आधी सांगावं. तुझ्या पत्रातल्या उण्यादुण्यांच्या ओळीवर मला काही म्हणायचं नाही.

चुकीची चार चाकं परत पाठवली आहेत. बदल्यात पाच पाठव. स्टेपनीही त्याच मापाची हवी, लांबचा पल्ला आहे. तुझं गोदाम इथून किती किलोमीटर आणि वाटेत पेट्रोल कुठे कुठे मिळतं, ते लिही. सूनबाई शेजारी बसून नकाशा बघणार आहे.

आम्ही पोचेपर्यंत नोकरी बदलू नकोस.

कळावे.

अण्णा