डिसेंबरचा दुसरा रविवार

कामरगाव, जि. अकोला
२५ सप्टेंबर १९७७

प्रिय दादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. एवढं पाच पानांचं पत्र, त्यात माझ्या तब्येतीला दीड ओळ, मायच्या गुडघ्यांना एक ओळ आणि बाकी सगळी परीक्षा. पोस्टमननं पाकीट हातावर तोलून पाहिलं आणि लिलाताईचं कुठं जमलं का, असं मायला विचारलं. मायनं त्याला चहा पाजला, पण उत्तर दिलं नाही. त्यामुळे माझं कुठंतरी जमलं आहे अशी गावाची आता खात्री झाली आहे. तुझ्या कानावर आलं तर दचकू नकोस.

घरी सगळे मजेत आहेत. मूग बरा झाला, कापसाची पऱ्हाटी बाबांच्या कमरेला आली आहे आणि बाबा रोज संध्याकाळी तिच्यात उभे राहून ते मोजून येतात. बँकेत मला तीन महिने होऊन गेले. सुरुवातीला लोक माझी खिडकी मोकळी असली तरी शेजारच्या रांगेत उभे राहायचे. बाईमाणसाकडून काम होईल की नाही ही शंका. आता गर्दी माझ्याकडेच असते. मी फार हुशार आहे असं नाही, मी कोणावर खेकसत नाही एवढंच. सकाळची कारंज्याची एसटी मात्र तू सोडून गेलास तशीच आहे. ती वेळेवर आली की ड्रायव्हर बदलला असणार हे ओळखायचं.

आता तुझ्या पाच पानांबद्दल. अहमदाबादच्या मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी नागपूरला आहे आणि ती मी यंदाच द्यावी, असं तू म्हणतोस. बी.कॉम.चा अभ्यास अजून ताजा आहे, पगाराची सवय लागली की माणूस खुर्चीला चिकटतो आणि उशीर केला तर कोणीतरी स्थळ घेऊन येईल, ही तुझी तिन्ही कारणं मी बाबांना वाचून दाखवली. तिसऱ्यावर ते हसले. मला विचारशील तर मला ती परीक्षा द्यायची आहे, अगदी मनापासून द्यायची आहे, पण यंदा नाही. दुसऱ्यांचा धंदा कसा चालवावा हे शिकायला जायचं, तर आधी एखादी कचेरी आतून कशी चालते, कोण कोणावर का रुसतं, शेतकरी दारातून परत का जातो, हे तरी मला बघू दे. आपल्या घरात शिक्षण म्हणजे सुटत चाललेली गाडी धावत जाऊन पकडायची, असंच आपण आजवर केलं. मला एकदा सावकाश चढून खिडकीशी बसायचं आहे.

हे एवढंच असतं तर मी कार्डावर लिहून मोकळी झाले असते. पण पंधरा ऑगस्टच्या सुटीत तू मला शिकवायला म्हणून आलास, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. तू ओसरीत पोतं अंथरून बसलास, मला एक गणित घातलंस, आणि मी पेन्सिल उचलायच्या आत स्वतःच सोडवायला लागलास. मग दुसरं, मग तिसरं. मधेच मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलंस आणि मला म्हणालास की आता गप्प बस, वेळ लावून बघू. मी गप्प बसले. उठून मायबरोबर आंबाडी निवडली, भाकरी टाकल्या, तरी तुला पत्ता नाही. इंग्रजी उताऱ्याची पाचही उत्तरं बरोबर आली तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस आणि इकडेतिकडे बघितलंस, कोणाला तरी सांगायला. तुझं ताट दोनदा झाकलं आणि दोनदा उघडलं. तेव्हा माय चुलीपाशी हळूच म्हणाली, "देवमन तुले शिकवून नाई राह्यला, लिले. थो सोताच शिकून राह्यला."

मायला अहमदाबाद कुठं आहे हे माहीत नाही, पण तुझा चेहरा तिला पाठ आहे. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. वाटलं, दादाला गणिताची हौस आहे, विमा कचेरीत त्याच त्या फायली बघून कंटाळला असेल.

मग गेल्या सोमवारी बँकेत शालिग्राम आला. तुझा नागपूरचा खोलीतला सोबती, तोच, झोपेत घोरतो म्हणून तू ज्याच्या नावानं पत्रातून रडायचास. बियाण्याच्या कामासाठी कारंज्याला आला होता. मी तुझी बहीण म्हणून ओळख दिली, तर तो म्हणाला, तुमचंच ना ते लग्न, ज्याच्यासाठी देवमननं परीक्षा सोडली? मी म्हटलं, माझं नाही, माझ्या मोठ्या बहिणीचं, बेबीताईचं. आणि कसली परीक्षा? तेव्हा त्यानं सांगितलं. त्र्याहत्तर साली, बी.ए. झाल्या झाल्या, तू हाच फॉर्म भरला होतास. सहा महिने कचेरीतून आल्यावर अभ्यास केलास. प्रवेशपत्रसुद्धा आलं होतं. डिसेंबरचा दुसरा रविवार.

दादा, त्या रविवारी तू कामरगावात बुंदी वाढत होतास. मला सगळं आठवतं. बाबांना लग्नाची तारीख ठरवायला किती वेळ लागला होता? छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यापासून आपल्याकडे पंचांग नाही, त्यामुळे बाबांचा मुहूर्त एकच, नोकरीवाल्यांची सुटी. कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं, पाहुण्यांपैकी कोणाला कधी जमेल ते विचारलं आणि एका रविवारावर बोट ठेवलं. गावातल्या बाकीच्यांना त्या पंधरवड्यात मुहूर्तच नव्हता, म्हणून मंडपवाला आणि बॅंडवाला दोघंही रिकामे होते. बॅंडवाल्यांना वाजवायची एवढी हौस आली होती की वंदना सुरू करायला भंतेजींनी त्यांना तीनदा थांबवलं. बेबीताई पांढऱ्या साडीत किती गोड दिसत होती. आणि तू सकाळपासून धावत होतास, सगळ्यांना वाढत होतास. आम्ही आपसांत म्हणत होतो की देवमन केवढा खूष आहे.

मला राग कशाचा आला सांगू? तू परीक्षा सोडलीस त्याचा नाही. आपल्याला कुठला दिवस वर्ज्य होता? ज्या घरात मुहूर्त आहे त्या घरातल्या मुलानं असं केलं असतं तर मी समजले असते. लग्न हलवता येत नाही, बिचारा काय करणार. पण आपलं लग्न पुढच्या रविवारी झालं असतं, नाहीतर बुधवारी झालं असतं. एक वाक्य बोलायचं होतंस. ते तू बोलला नाहीस, आणि मग पुढची चार वर्षं तू स्वतःपुरतं एक पंचांग काढलंस. एक वर्ष माझी फी, एक वर्ष खात्याची परीक्षा, मग बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन. आणि आता माझी परीक्षा.

मी हे बाबांना सांगितलं. सांगू नये असं तुला वाटेल, पण मी सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "मले सांगतलं असतं त मी बुधवारी लगन लावलं असतं." बस, एवढंच. मग हात धुऊन बाहेर जाऊन बसले. दोन दिवस ते संध्याकाळी पऱ्हाटी मोजायलाही गेले नाहीत. मला वाटलं, उगाच म्हाताऱ्या माणसाचा जीव दुखवला.

काल नानाजीमामा आला होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, ते तुला वेगळं कळेलच. त्यालाही डिसेंबरचा दुसरा रविवार हवा होता, आणि मंडप आपल्या अंगणात, कारण त्याचं घर लहान पडतं. बाबांनी सांगितलं की त्याच्या पुढचा रविवार घे. मामाला जरा लागलं. तो म्हणाला की जानरावभाऊ, इतक्या वर्षांनी तुमीबी मुहूर्त पाह्यले लागले काय. बाबांनी मान हलवली. म्हणाले, "पाहून राह्यलो. त्या रविवारी देवमनचा पेपर हाये." पुढच्या रविवारचं ठरलं. माय आत डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती की धूर झाला. चूल तर विझलेली होती.

तेव्हा हे पत्र मी माझ्या परीक्षेसाठी लिहीत नाही. फॉर्मची मुदत अजून आहे. यंदाचा फॉर्म तू तुझ्या नावानं भर. आपण दोघं एकाच वेळी नोकरी सोडून शिकायला बसू शकत नाही, हे तुला माहीत होतं म्हणूनच तू मला पुढं ढकलत होतास, मला कळतं. घर दोन वर्षं माझ्याकडे राहील. मी बाबांशी बोलले आहे आणि बँकेत माझं चांगलं चाललं आहे. अठ्ठावीस हे वय जास्त आहे असं म्हणशील, तर तसं म्हणू नकोस. नाही जमलं तरी चालेल, पुढच्या डिसेंबरात पुन्हा बस, तोही रविवार आम्ही मोकळा ठेवू. तू परत आलास की मी बसेन, आणि तेव्हा गणितं मी सोडवीन, ताट झाकून ठेवायचं काम तुझं. शाळेच्या वाटेवर मला पुढं ठेवायचास, कॉलेजातही माझीच फी आधी भरलीस, दर वेळी मला पुढं करून तू मागं उभा राहिलास. दादा, मी धाकटी आहे. एकदा तरी मोठ्या भावासारखा माझ्यापुढं चाल, मला तुझ्यामागून यायचं आहे.

तुझीच,
लिला